रिकाम्या खुर्च्यांसमोरची बोलणी

६ मे
चूक माझीच! आमच्या आयडाहोत शिक्षकांच्या पगाराची बोलणी बंद दाराआड करता येत नाहीत. आदल्या दिवशी शाळेच्या दारावर सूचना लागते, म्हणजे गावातलं कुणीही येऊन बसावं. ती लावायची शाळेच्या कारकुनाने — म्हणजे मी. एकोणीस वर्षं लावली. आज टेबलाचा खण उघडला, तर परवा झालेल्या बैठकीची सूचना तिथेच!

आणि आम्ही म्हणत होतो, लागवडीचे दिवस, सगळे बटाट्यात गुंतलेत, म्हणून कुणी आलं नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर तीन टक्के वाढ ठरली. ती भागवायला गाणं शिकवणाऱ्या ब्रिनची नोकरी गेली. सगळ्यात नवी, म्हणून ती.

७ मे
गप्प बसले तर कुणाला कळणारही नाही.

८ मे
सांगून टाकलं. शाळेच्या मंडळाचा अध्यक्ष, आमचा लावेल (लहानपणी माझ्याच वर्गात शिकायचा), डोक्याला हात लावून बसला.
"आर्डिस, अगं गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?"
"ब्रिनचं बिघडलं असतं."
सूचनेविना केलेला ठराव रद्द. बैठक पुन्हा. खूप ओरडला, पण मला काढलं नाही. देव त्याचं भलं करो!

१५ मे
काय बैठक झाली! वाचनालयात खुर्च्या पुरेनात, जेवणघरातले बाक आणले. ऐकायला आलेल्यांना बोलायची परवानगी नाही, नुसतं बसायचं. पण काय बसले होते! म्हातारा विल्फोर्ड शेतातून थेट आला, बुटांची माती सगळ्या गालिचाभर.

शिक्षकांच्या बाजूने चौथीला शिकवणारी नॉर्मा उठली. एरवी दमडी सोडायची नाही.
"आम्हाला दीड टक्का पुरे. पोरीला ठेवा."
माझे डोळे भरून आले, मी लिहीत होते त्या इतिवृत्तातल्या दोन ओळी पुसट झाल्या.
लावेल म्हणाला, "त्याने तुटीचा अर्धाच खड्डा भरतो, नॉर्मा. बाकीचा कशाने भरू?"
"ते तू शोध. आणि शोधलंस की इथेच सांग, ह्या सगळ्यांसमोर!"
लोक हसले. लावेलसुद्धा हसला. पुढची बैठक बावीसला.

१६ मे
ब्रिन घरी आली. चीज घातलेल्या बटाट्यांचा भला मोठा ट्रे! कालव्याजवळचं घर तिने नुकतंच घेतलंय. "बाई, तुम्ही बोलला नसतात तर मी आता सामान बांधत असते," म्हणाली आणि रडली. मग दोघींनी ट्रेमधूनच खाल्लं. आयुष्यात विसरभोळेपणाबद्दल देवाचे आभार पहिल्यांदाच मानले.

२१ मे
सूचना लावली. दोनदा जाऊन पाहून आले.

२२ मे
लावेलने कागद वाचला, "ब्रिन राहील." टाळ्याच टाळ्या! मीही लिहिणं थांबवून वाजवल्या. मग त्याने मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघून पुढचं वाचलं — उरलेला खड्डा भरण्यासाठी एक जूनपासून शाळेच्या कारकुनाची जागा रद्द. टाळ्या थांबल्या. ब्रिन तोंडावर हात ठेवून उभी.
 तोंडावर सांगितलं, गावासमोर सांगितलं. बरं केलं.
"लिहिलंस, आर्डिस?"
"लिहिलं," म्हटलं.