एक तास गप्प

६ ऑक्टोबर
आर्लीन बहिणीकडे राहायला गेली त्याला तीन आठवडे झाले. फोनवर म्हणाली, "वेंडेल, तीस वर्षांत माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस. एक तास तोंड मिटून बसून दाखव, मग घरी यायचं बघू." हॅ! त्यात काय मोठंसं? २७ तारखेला, सकाळी आठला, अभयारण्यात. तळ्याकाठच्या खोपीत बसून क्रौंच बघायचे.

८ ऑक्टोबर
सराव सुरू. चार मिनिटं. मग शेजारच्या कॅमेरावाल्याला बदकांविषयी काही सांगणं भागच पडलं. बदकं उडाली. तो उगाच माझ्यावर भडकला.

१३ ऑक्टोबर
अकरा मिनिटं. माहिती केंद्रातल्या मर्लबाई म्हणाल्या, "वेंडेल, तुम्ही खोपीत असलात की पक्षीच काय, डाससुद्धा गाव सोडतात." म्हणजे माझी नोंद घेतली जाते आहे.

१९ ऑक्टोबर
तोंडात वाळवलेल्या मांसाची पट्टी धरली. चिवट. बावीस मिनिटं! आता दातदुखी.

२४ ऑक्टोबर
एक्कावन्न!! मध्ये डोळा लागला होता, पण गप्प ते गप्प.

२६ ऑक्टोबर
दोन घडीच्या खुर्च्या, थर्मास, तिच्या आवडीचा भोपळ्याचा गोड 'पम्पकिन पाय'. तिची उशी उन्हात टाकली. तिच्याशिवाय घर खायला उठतं. उद्या जिंकणारच.

२७ ऑक्टोबर, सकाळी सव्वानऊ
आठला बसलो, नऊचा गजर लावून. क्रौंच शेकड्यांनी उतरले. आर्लीनने माझ्या हातावर हात ठेवला. मी गप्प. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला ती हळूच म्हणाली, "मला घरी यावंसं वाटतंय रे. येऊ का?" मी ओठांवर बोट ठेवलं. बाराच मिनिटं उरली होती, सगळी मेहनत पाण्यात गेली असती! ती म्हणाली, "काहीतरी बोल ना." मी घड्याळ दाखवलं, आणि मग त्यावरची नजर हलवलीच नाही.
नऊला गजर झाला. क्रौंच उडाले. "जिंकलो!" ओरडत वळलो, तर खुर्ची रिकामी. माहिती केंद्राकडे धावलो. मर्लबाई म्हणाल्या, "तिची गाडी केव्हाच गेली. रडत होती हो."

२८ ऑक्टोबर
उशी आत आणली. सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाशी एक शब्द बोललो नाही. चौदा तास!
हे सांगायला आर्लीनला फोन केला. तिने उचलला नाही.