आवक क्रमांक एक ते तीनशे बारा

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे जितकं वाकता येतं तितकं. गुडघ्याचं पुढे येतंच आहे.) भाऊजींचा खोकला कमी झाला का? तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली की अजून पाटीच लटकते आहे? तुझ्या शेजारणीने इस्त्री परत केली का, तेही कळव, कारण गेल्या तीन फोनांत तो विषय अर्धाच राहिला आहे. माझी प्रकृती उत्तम. भूक लागते, झोप लागते, आणि ज्या दाताचं काम केलं तो आता दुखत नाही, शेजारचा दुखतो.

तू पाठवलेला अर्ज सोमवारी पोचला. तुमच्या ज्येष्ठ निवासातली कोपऱ्याची खोली माझ्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे, मी सही केली की इथलं घर बंद करायचं आणि तुमच्या शेजारी येऊन राहायचं, हे सगळं नीट समजलं. अर्जात तीन चौकोन आहेत: ‘कायम’, ‘काही महिने’ आणि ‘सध्या नको’. त्यातल्या ‘कायम’वर तू शाईने खूण करूनच पाठवलास, त्यामुळे माझा तेवढा त्रास वाचला. फोनवर तू जे म्हणालीस ते मात्र मनाला लागलं, खोटं कशाला बोलू? ज्याला स्वतःचा संगणक सांभाळता येत नाही तो गॅस काय सांभाळणार, असं तू म्हणालीस. (मागून भाऊजी ‘अगं, हळू’ म्हणाले, तेही ऐकू आलं.) तेव्हा अर्जाचं शेवटी बघू, आधी संगणकाचं काय झालं ते सविस्तर लिहितो. समोरच्या नर्सबाईंनी तुला फोनवर जे सांगितलं ते खरं आहे, पण त्यांनी फक्त भोंगा ऐकला. मी जे पाहिलं ते पाहून माणूस थक्क होईल, ताई. मी अजून थक्क आहे.

दोन महिन्यांमागे, नऊ तारखेला दुपारी मी दाताच्या डॉक्टरांकडून अर्धा जबडा बधिर घेऊन परतलो आणि हवामान बघायला म्हणून संगणक लावला. तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक चौकट हळूच वर आली आणि तिने विचारलं की, तुमचा गुडघा दुखतो का? मी खुर्चीत ताठ बसलो. आदल्या आठवड्यात मी गुडघ्याच्या पट्ट्यांची माहिती एकदा, फक्त एकदा, वाचली होती, आणि ते मी कुणालाही बोललो नव्हतो. (तुलासुद्धा नाही, कारण तू लगेच जिन्याचा विषय काढतेस.) पट्टी निळ्या रंगाची होती आणि ती बांधून एक गृहस्थ टेकडी चढत होते. मी हवामानाचं पान सोडून शब्दकोड्यावर गेलो, तर ते गृहस्थ तिथेही चढतच होते. बातम्यांत गेलो, तिथेही तेच. माझ्या गुडघ्याची इतकी चौकशी गेल्या सहा वर्षांत कुणी केलेली नाही. खरं सांगतो, पहिल्या दिवशी मला बरंच वाटलं.

आता माझी सवय तुला माहीत आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा, वहीत नोंद करायची आणि उत्तर गेल्याशिवाय तो निकाली काढायचा नाही, हा नियम माझ्या हाडात मुरला आहे. (एका गृहस्थांनी नळाला पाणी येत नाही हे पद्यात कळवलं होतं. त्यांनाही उत्तर गेलं, गद्यात.) तेव्हा घरातली एक कोरी वही घेतली, रेघा मारल्या आणि लिहिलं: आवक क्रमांक एक, दिनांक नऊ, दुपारी बारा वीस, विषय गुडघ्याची पट्टी. मग उत्तर द्यायचं म्हणून चौकटीखालचं ‘नको, धन्यवाद’ हे बटण दाबलं. ताई, त्या एका ‘नको’तून दोन नव्या चौकटी उघडल्या. एकीत बूट होते, दुसरीत कर्णयंत्र. मी दोघींनाही नोंदवून ‘नको’ म्हटलं, तर चार आल्या. मी आयुष्य पत्रव्यवहारात घालवलेला माणूस, पण इतक्या तत्परतेने उलट टपाली उत्तर देणारं कार्यालय मी जन्मात पाहिलं नव्हतं. ना सुट्टी, ना जेवणाची वेळ, ना ‘साहेब दौऱ्यावर आहेत’. एका चौकटीने विचारलं, तुम्हाला सूचना पाठवायच्या का? कुणी सभ्यपणे परवानगी मागितली तर नाकारायची कशी, म्हणून ‘परवानगी आहे’ दाबलं. त्या दिवसापासून संगणक नुसता सुरू केला तरी कोपऱ्यात चौकटींची रांग लागायची.

दोन महिन्यांत वही तीनशे अकरापर्यंत गेली. या काळात संगणक इतका मंद झाला की तो लावून मी भाजी चिरायला बसायचो आणि परत येईपर्यंत तो जेमतेम जागा झालेला असायचा. उघडल्याबरोबर जे माझं नेहमीचं पान यायचं ते जाऊन भलतंच यायला लागलं, काहीही शोधा, ते आधी गाद्या दाखवायचं. मी वैतागलो नाही असं नाही. पण वैतागापेक्षा कुतूहल जास्त होतं. मी एक म्हातारा माणूस, दोन खोल्यांत राहतो, महिन्याला एक साबण संपवतो, आणि माझ्यासाठी कोण कुठे बसून एवढी खटपट करत असेल, हे चहा पिता पिता माझ्या मनात येत राहायचं.

आणि मग तीनशे बारा. अख्खा पडदा लाल झाला, भोंगा वाजायला लागला, आणि मोठ्या अक्षरांत आलं की, तुमच्या संगणकात सत्तेचाळीस धोके सापडले आहेत, खालच्या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, संगणक बंद करू नका. फोन मी केला नाही, कारण पत्रावर जावक क्रमांक नव्हता आणि बिनक्रमांकाच्या पत्रावर कारवाई करायची नाही हे आमच्याकडे शिपायालाही ठाऊक होतं. (या एका सवयीने मला वाचवलं, हे पुढे कळलं.) पण ‘बंद करू नका’ हा लेखी आदेश होता. तो मी पाळला. पूर्ण दीड दिवस. भोंग्यावर आधी टॉवेल टाकला, मग उशी, मग गादीची गुंडाळी. नर्सबाई दोनदा दार वाजवून गेल्या, आणि तिसऱ्यांदा त्यांनी दार न वाजवता तुलाच फोन लावला. त्यानंतर तुझा फोन आला, त्यानंतर अर्ज आला.

अर्ज यायच्या आधीच नर्सबाईंनी दुरुस्तीवाल्या बाईंना घरी बोलावलं. त्यांचं दुकान धोब्याच्या आणि झेरॉक्सच्या मधे आहे, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत गेलं की बाईंना बाहेर यावं लागतं. पन्नाशीच्या असतील, चष्मा कपाळावर, बोलणं मोजून मापून. आल्या, गादी बाजूला केली, लाल पडदा पाहिला आणि मागचं बटण दाबून संगणक बंद करून टाकला. मी हा हा म्हणेपर्यंत. ताई, तिथे स्पष्ट लिहिलं होतं की बंद करू नका, आणि बाईंनी ते वाचलंही नाही! भोंगा थांबला. घरात इतकी शांतता झाली की मला नळाचा थेंब ऐकू आला. मी हात जोडले.

बाई म्हणाल्या की, सत्तेचाळीस धोके वगैरे काही नाही, ते नुसतं भेडसावणारं पान आहे, त्या क्रमांकावर फोन केला असतात तर मात्र त्यांनी पैसे उकळले असते. खरा पाहुणा वेगळा आहे, त्याला अ‍ॅडवेअर म्हणतात, म्हणजे जाहिराती दाखवण्याकरताच घरात घुसलेला प्रोग्राम. तो स्वतःच्या पायाने येत नाही, कुठल्यातरी फुकट वस्तूच्या आड लपून येतो. हा नेमका कधी आला हे कळलं तर हुडकायला सोपं जाईल. मी जरा ओशाळत वही पुढे केली. बाईंनी चष्मा खाली घेतला आणि ती वही पहिल्या पानापासून वाचली. मला वाटलं, आता हसणार. त्या म्हणाल्या, “काका, वीस वर्षांत माझ्याकडे इतका नीट केसपेपर लिहून कुणी आलं नाही.” आणि मग ‘नको’च्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “पण यांना उत्तर द्यायचं नसतं हो.” चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मला कुणी बोललं नव्हतं. उत्तर न देणं हेही एक उत्तर असतं, म्हणे. मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे.

मग बाईंनी संगणकात भरलेल्या सगळ्या प्रोग्रामांची यादी काढली आणि ती तारखेप्रमाणे लावली. (यादी तारखेप्रमाणे लावता येते! माझ्या टेबलावर हे असतं तर मी दोन वर्षं आधी निवृत्त झालो असतो.) नऊ तारखेला एका तासात चार जण दाखल झाले होते: रोज एक नवा पक्षी दाखवणारी फुकट दिनदर्शिका, आणि तिच्या पदराला धरून आलेले एक खरेदीचे मदतनीस, एक शोधाचे मदतनीस आणि एक संगणकाचा वेग वाढवणारे. चौथ्याने वेग किती वाढवला ते वर आलंच आहे. दिनदर्शिका त्या दिवशी कुणी घातली हा प्रश्न बाईंनी विचारला, मी सावकाश उत्तर देतो म्हणालो. त्यांनी चौघांनाही एकेक करून बाहेर काढलं. मग ब्राउझरमधे चिकटलेले तुकडे काढले, मी वाटलेल्या परवानग्या परत घेतल्या, माझं जुनं पान जागेवर आणलं, ओळखीच्या सफाईच्या प्रोग्रामने सगळं एकदा धुंडाळून घेतलं आणि संगणक बंद करून पुन्हा लावला. मी सवयीने भाजी चिरायला निघालो, तर बाई म्हणाल्या, बसा, लागला. खरंच लागला होता.

पण ज्याच्यासाठी हे सगळं लिहितो आहे ते याच्या नंतरचं. बाई म्हणाल्या की, काढलं मी, आता येऊ द्यायचं नाही हे तुमचं काम. त्यांनी मला स्वतःच्या हाताने शब्दकोड्याचा एक प्रोग्राम घालायला लावला, मूळ बनवणाऱ्याच्याच पानावरून. तिथे दोन वाटा होत्या, ‘झटपट’ आणि ‘स्वतः निवडा’. मी झटपटकडे निघालो, त्यांनी हात धरला. दुसऱ्या वाटेने गेलो तर काय, छोट्या अक्षरांत तीन चौकोन, आणि तिन्हींत बरोबरची खूण आधीच केलेली. मी म्हटलं, हे मंजूर होऊन आलं आहे, आपण फक्त पुढे पाठवायचं. चौतीस वर्षं मी तेच केलं. खूण करून कागद आला की तो वरून ठरून आला असं समजायचं, शिक्का मारायचा, पुढे. बाई म्हणाल्या, “खुणेवर दाबा.” मी दाबलं. खूण गेली. ताई, काही झालं नाही. भोंगा नाही, लाल पडदा नाही, साहेबांनी बोलावणं नाही. चौकोन रिकामा झाला आणि तसाच शांत बसून राहिला. मी ती खूण परत आणली, परत घालवली. पाच-सहा वेळा केलं. बाईंनी मला करू दिलं. एकाहत्तराव्या वर्षी मला हे कळलं आणि माझे डोळे भरून आले, यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

बाकी इकडे सगळं ठीक. गॅस रोज बंद करतो. भाऊजींना नमस्कार, त्यांना सांग की ‘अगं, हळू’बद्दल मी आभारी आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. दिनदर्शिका त्या दिवशी कुणी घातली हे बाईंना मी अजून सांगितलेलं नाही, पण तुला सांगायला हरकत नाही. नऊ तारीख म्हणजे तू इथे राहायला आली होतीस त्याचा तिसरा दिवस. सकाळी दहा ते बारा मी दाताकडे होतो आणि तू संगणकावर. मी आलो तेव्हा तू म्हणालीस की, तुझ्या पडद्यावर फार उदास वाटत होतं म्हणून छानसे पक्षी घातले, काही कठीण नाही, नुसतं ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबत जायचं. मी कुठे बोलणार नाही. नर्सबाईंनासुद्धा नाही.

ता. क. दोन. तुझाही संगणक हल्ली मंद झाला आहे आणि पक्षी पाहून झाल्यावर तो तुला कमोडचे कठडे दाखवतो, असं तू मागे म्हणाली होतीस. यादी काढ, तारखेप्रमाणे लाव. जमलं नाही तर मला बोलाव, मी वही घेऊन येतो.

ता. क. तीन. अर्ज सोबत परत पाठवतो आहे. ‘कायम’वरची खूण काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आधी खोडरबर, मग ब्लेड, मग पांढरी शाई. पण तू जोर लावून केली आहेस, ती पलीकडून दिसते, आणि कागदालाही त्या जागी भोक पडलं आहे. असा अर्ज तिथलं कार्यालय घेणार नाही, मीही घेतला नसता. तेव्हा महिनाअखेरच्या आत मला दुसरा एक पाठव, कोरा. तिन्ही चौकोन रिकामे असू देत. मी दोन दिवस समोर ठेवून बघेन, आणि मग खूण मी करीन.