मशीनचा चौथा रंग

दादा,

पुन्हा तेच! मी अडाणी, मला गुंतवणुकीतलं काय कळतं, असं लिहिलंस. पैसे तीन धंद्यांत, तीन मुलखांत वाटलेत, एक बुडाला तरी दोन तारतील म्हणे. त्यात ताईच्या ऑपरेशनचे पैसे घालताना तिला तरी विचारलंस का रे?

सोबतचे तिन्ही कारखान्यांचे फोटो पाहिले. औषधाचं मशीन निळं, कापडाचं हिरवं, तेलाचं लाल. तिन्हींच्या डाव्या कोपऱ्याला सारखाच पोचा आहे. मशीन ट्रकमधून उतरवताना तो मीच पाडला होता. दादा, ते एकच मशीन आहे. आमच्या शेडमध्ये असतं, कधी चालत नाही. मी रंगवतो, शेठ फोटो काढतो. कशासाठी, ते आज कळलं.

वेल्डरने एकदा विचारलं होतं. मुकादम हसून म्हणाला, "पगार वेल्डिंगचा घेतोस, की चौकशीचा?" दुसऱ्या दिवसापासून वेल्डर दिसला नाही. त्याची चप्पल अजून दाराशी आहे.

आमचे फोन मुकादमाकडे जमा असतात, पत्रंही तोच आधी वाचतो, मग पोस्टात टाकतो. तुझा लिफाफा मला मिळाला तो फोडलेलाच. देताना हसून म्हणाला, "काय म्हणतोय दादा?"

म्हणून हे पत्र गादीखालीच राहील. पैसे तेवढे तुला पोचतील, आणि तू ते चौथ्या धंद्यात घालशील. त्या मशीनला मी सकाळपासून पिवळा रंग देतोय.

तुझा अडाणी,
धाकटा

या महिन्याचे पाठवतोय, साडेचार हजार.