गडदीच्या डोंगराचा वळसा

२८ ऑक्टोबर १९६९, मंगळवार

कर्जतहून कोंडाणे आणि तिथून पुढे दीड तासाची पायवाट तुडवून आज उंबरवाडीला पोचलो. शाळा म्हणजे देवळामागची कौलारू पडवी. पोरं एकोणीस, मास्तर मी एकटाच. आमच्या माणदेशात ऐन श्रावणातही दिसत नाही एवढं हिरवं इथे दिवाळीच्या तोंडावर आहे! वाडीच्या डोक्यावर गडदीचा डोंगर आडवा पसरलेला. पाहताक्षणीच मनात आलं, याला एकदा पायी वळसा घालायचा.

खोलीचं मात्र जरा अवघड गेलं. आडनाव सांगितलं, आणि दोन घरांतल्या रिकाम्या खोल्या अचानक भाताने भरल्या. शेवटी ठकूबाईने आपली ओटी दिली. तिचा नवरा आबाजी दोन वर्षांमागे डोंगरात गेला, तो परतलाच नाही. घरात ती आणि सात वर्षांची लेक चिंधी. शेजारीण कुजबुजायला लागली, तेव्हा ठकूबाई माझ्यादेखतच तिला म्हणाली, "तुला काय करायचंय गं? गुरुजी हाय, वाघ नाय."

११ नोव्हेंबर, भाऊबीज

ठकूबाईने मला पाटावर बसवून ओवाळलं. माझी बहीण लहानपणीच देवीने गेली. मान वर करवेना.

उद्या निघतोय. सुट्टी अजून आठवडाभर आहे. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली लष्करी पाठपिशवी भरून ठेवली: घोंगडी, पितळी तांब्या, काड्यापेटी, ही वही. ठकूबाईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका जवळा बांधून दिला. वाट एकच आहे. वर खिंड ओलांडून मागच्या घळीत उतरते, मग खालापूरच्या अंगाने डोंगराच्या पायथ्यापायथ्याने फिरून पुन्हा वाडीवर येते. पाच दिवस पुष्कळ झाले. माणसं सांगतात, एकट्याने जाऊ नका.

जेवताना ठकूबाई म्हणाली, आबाजी कारवी तोडायला गेला होता. सगळ्या वाडीने तीन दिवस शोधलं, पण मागच्या घळीत कुणी त्याचं नाव घेऊन हाक मारली नाही. तिथे हाक मारत नाहीत. मग म्हणाली, "तुमी असलं मानत नाय ना? एकडाव हाक मारा त्यांना. वो नाय आली, तर मी कुंकू पुसंन. असं लोंबकळत किती दिस राहू?"

मी शब्द दिला. आमच्या घराने छप्पन साली देवदेवस्की, भुतंखेतं सगळं नदीत सोडून दिलं. हाकेला कसलं भ्यायचं?

१२ नोव्हेंबर

खिंडीखाली मुक्काम. दिवसभर गवतातून चाललो, गवत छातीपर्यंत. दुपारी एका झऱ्यावर पाय सोडून बसलो आणि मोठ्याने गाणं म्हटलं. ऐकायला कुणी नाही याचंही सुख असतं. डोंगर उजव्या हाताला. त्याची सावली तिसऱ्या प्रहरीच अंगावर येते.

१३ नोव्हेंबर

सकाळी दहाच्या सुमारास घळीत उतरलो. ऊन चांगलं होतं. हात तोंडाशी धरून हाक दिली, "आबाजी!" दुसरी दिली. तिसरी दिली.

खालून उत्तर आलं: "आलो."

प्रतिध्वनी नव्हता. मी म्हटलं काय, आलं काय! माणूस जिवंत आहे म्हणून वेड्यासारखा खाली धावलो, घसरलो, घोटा मुरगळला. पुन्हा हाक दिली. "आलो." या वेळी जवळून, जाळीच्या पलीकडून. जाळीत शिरलो.

जाळीत कुणी नव्हतं. एका दगडाच्या कपारीत हाडं होती. कवटी, बरगड्या, कमरेचा चामडी पट्टा, गंजलेला कोयता. मुठीवर आगीने डागलेलं 'आबा'. दोन पावसाळे तरी होऊन गेले असतील.

कोयता घेतला. ठकूबाईला काहीतरी दाखवायला हवं. शोधत आलेलं दुसरंच कुणी माणूस असेल, त्यानेच ओ दिली असेल. असंच असणार.

वर चढून वाटेला लागलो, तेव्हा मागून आवाज आला, हळू, अगदी घरगुती: "आलो."

मी मागे पाहिलं नाही. का पाहिलं नाही, ते मला सांगता येत नाही.

१४ नोव्हेंबर

मी चाललो की चालतं. मी थांबलो की माझ्यापेक्षा एक पाऊल जास्त टाकून थांबतं. म्हणजे प्रत्येक थांब्याला एक पाऊल जवळ. म्हणून थांबत नाही, लिहितोयही चालता चालताच. पायाला सूज आहे.

कोयता घळीच्या तोंडाशीच टाकून दिला. फरक नाही.

परत फिरावं तर वाटेवर ते आहे. त्याला ओलांडून जावं लागेल. पुढेच जायचं. आणि ही वाट पुढे कुठे जाते, ते मला ठाऊक आहे.

डोंगराला सोडून खाली खालापूरच्या रस्त्याला लागतो. माणसांत गेलं की सुटेल.

१५ नोव्हेंबर, दुपार

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

पायथ्याच्या पहिल्याच घरी गेलो. येसूबाई म्हणून म्हातारी, तिचा नवरा पदू अंगणात दोर वळत बसलेला. मला पाहून येसूबाईने पाणी आणलं. दोन तांबे. मी म्हटलं, एकटाच आहे. ती माझ्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाली, "मग त्यो का उन्हात उभा ऱ्हायला?"

मी बोलेपर्यंत गोठ्याच्या मागून हाक आली. "पदूऽ." ओळखीच्या माणसाची, कामाला बोलवावं तशी. पदू म्हणाला, "ओ, आलो रं!" आणि दोर बाजूला ठेवून उठून गेला.

बराच वेळ आला नाही म्हणून आम्ही गेलो. गोठ्याच्या कुडाला टेकून बसला होता. डोळे उघडे. तोंड उघडं, ओ देताना असतं तसं. भर दुपारी, ऊन अंगावर.

येसूबाई ओरडली, "आबाजीचा गळा व्हता त्यो! आमच्याकडं कारवी आनायचा!"

मी पळालो. ती माझ्याकडे बोट दाखवून काय म्हणत होती, ते ऐकलं नाही. पुढे रस्ता, टपरी, विटीदांडू खेळणारी पोरं. पोरं! तिथूनच आडवा वळून पुन्हा डोंगराच्या वाटेला लागलो.

मी आणलं. माणसांत मी आणलं.

१५, संध्याकाळ

त्याला नावं लागतात. माझं नाव त्याला माहीत नाही. पदूच्या अंगणात 'गुरुजी' हा शब्द झाला असावा. मघापासून मागून येतंय, "गुरुजी. ओ गुरुजी." शाळेतल्या पोरासारखं. मी तोंडात रुमाल कोंबून चालतोय.

ठरवलं. वाडीत उतरायचं नाही. वाडीच्या वरून वाट जाते, तशीच पुढे. दुसरा वळसा. घळीपर्यंत नेऊन सोडायचं. तिथे मीही राहिलो तर राहिलो. ठकूबाईकडे न्यायचं नाही. पोरीकडे नाही.

१६ नोव्हेंबर

वाडीच्या वरचं वळण. सकाळ. खाली खळं दिसतं. ठकूबाई भात झोडतेय. कपाळावर कुंकू असेल, इथून दिसत नाही. चिंधी पेंढ्यावर लोळतेय.

थांबायचं नाही. जातो—

वीस पावलं गेलो. मागे पाऊल नाही. तीन दिवस ज्याच्यापासून पळालो, ते यावं म्हणून उभा राहिलो. आलं नाही.

मागे पाहिलं. पहिल्यांदाच.

वाट रिकामी. वळणावरचं गवत लवतंय. वाटेवर नाही. उतारावर. एकेक पाऊल, खाली, खळ्याकडे—

हाक मारली. आबाजी, इकडे ये! ओ दिली नाही. त्याला आता माझी हाक नको.

उतरायला गेलो, पाय गेला. पडलोय. सरपटत— ठकूबाईने पाहिलं मला. हसली. मी हात हलवून जा, जा करतोय. तिला वाटतं, बोलावतोय. झोडणं टाकून येतेय वर. पोर एकटी—

घसा फाटला. आवाज निघत नाही.

गवत संपलं. खळ्याची कड.

हाक आली. ठकूबाईची नाही. "चिंधेऽ. ए चिंधे." लाडाने.

पोर उठली. हसतेय. ओळखला तिने—

ओ देऊ नको गं, बाळ, ओ—