निलगिरीचा पाला

आई,
आधी सांगते, मी ठणठणीत आहे, रविवारी चर्चलाही जाते. बाबांचा गुडघा कसा आहे?

तू टोंगात कोनफळांवर केळीचा पाला पांघरतेस ना, तसा मी इथे ऑस्ट्रेलियात मालकाच्या वाफ्यांवर निलगिरीचा पांघरला. लेट्युसचे कोंब करपून गेले, शेजारचा घेवडा मात्र मजेत! माझ्यासोबत काम करणाऱ्या विकामावशी ओरडल्या, "अगं वेडे, त्या पाल्यात विष असतं! घेवड्याचं टपोरं बी शिदोरी घेऊन येतं, म्हणून तगतं. लेट्युसच्या एवढ्याशा बीजवळ काय असणार?"

मालकाचा संशय त्यांच्यावरच आहे. त्या म्हणतात, "तू गप्प बस." पण सोमवारी मी खरं सांगणार. मग मला परत पाठवलं तर? बाबांना हे वाचून दाखवू नकोस.

आई, माझी शिदोरी पुरेल ना गं?

तुझीच,
लुपे