खुळखुळ न करणारी पिशवी

ताई,

रविवारी तुझ्याकडे साखर शोधताना मी सगळेच डबे उघडले. तू म्हणतेसच, मी जन्माची चोंबडी आहे. तांदळाच्या डब्यात निळी पिशवी सापडली. ती मीच शिवलेली आहे गं.

वस्तीच्या केंद्रात आम्ही बायका या पिशव्या शिवतो. एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली चालताना खुळखुळते आणि रस्ताभर लोकांचे कान टवकारतात. कापूस भरलेल्या पिशवीत ती गप्प बसते. केंद्राबाहेर ही पिशवी कुणालाच मिळत नाही.

तेव्हापासून मला चैन नाही. गोळ्या तुझ्या की भाऊजींच्या? कधीपासून? केंद्रातल्या औषधांच्या खिडकीसमोर तर मीच शिवत बसलेली असते, मग दिसली कशी नाहीस? माझ्या सुट्टीच्या दिवशी येतेस ना? आणि त्या दिवशी जमलं नाही, तर गोळ्या चुकतात का?

आमच्याकडे नियम आहे, समोरच्याने स्वतःहून सांगेपर्यंत विचारायचं नाही. हे पत्र दिलं तर ते विचारणंच झालं. म्हणून ते मशीनच्या खणात राहील.

आज मात्र मी मशीन भिंतीकडे तोंड करून लावलं, खिडकीकडे पाठ. बाकीच्या म्हणाल्या, "अगं, इथे उजेड नाही, दोरा कसा ओवणार?" म्हटलं, ओवीन कसातरी.

आता कुठल्याही दिवशी ये. पाय घासत चालण्याचा तुझा आवाज मला लहानपणापासून पाठ आहे. तो कानावर आला, की मान न वळवता मी मशीन जोरात चालवीन.

तुझीच,
डबे उघडणारी