दारातला शब्द

प्रिय कमळे,

हे पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग चुलीत घाल. लच्छू गाडीवान ते तुझ्या हातात देईल आणि तुझं वाचून होईपर्यंत दारातून हलणार नाही, असं मी त्याला बजावलं आहे. तुझी माय फार आजारी आहे. तुला पाहिल्याशिवाय तिनं जाऊ नये म्हणून आम्ही घरून निघालो, पण तुझं सिरोंचा दोन कोसांवर राहिलं आणि इथे नदीकाठच्या वस्तीत, आशाबाई नावाच्या मासे धरणाऱ्या ढिवरणीच्या ओसरीवर अडकून पडलो.

चांद्याच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ पाहिली आणि घरी न्या म्हणाले. घरी आल्यावर तीच म्हणाली, "मले कमळाकडं घेऊन चाला." दोन वर्षं घरात तुझं नाव काढू न देणारी बाई! मी कारण विचारलं नाही. तिचा विचार फिरायच्या आत निघालो. आलापल्लीपर्यंत लाकडाच्या ट्रकमधून आलो, त्या धक्क्यांनी ती अर्धी झाली. म्हणून लच्छूची बैलगाडी केली, खाली धानाच्या तणसाचा जाड थर घातला आणि सडक सोडून प्राणहितेच्या काठाकाठानं वाळूच्या वाटेनं निघालो. बैलांना कोणी हाकत नव्हतं. पाहणारा म्हणाला असता, म्हातारा-म्हातारी हवा खायला निघालीत. खोटं कशाला बोलू, थोडं तसंच होतं. वाळूतल्या वाडीवर टरबूज घेतलं, तिला त्याचा रस चाटवला. जन्मभर धानाच्या बांधीत वाकलेली बाई पहिल्यांदाच निवांत पडून नदी पाहत होती. मला म्हणाली, "मराच्या वक्ती तरी फिरवून राह्यले तुमी." मी हसलो, मग तोंड फिरवून बैलांकडे पाहत बसलो. पण सिरोंचा जवळ येऊ लागलं तशी ती दर वळणावर थांबायला सांगू लागली. "इथी थांबा. अजून घडीभर." मला वाटलं, दुखतं म्हणून. दुखत होतंच, पण ती घाबरली होती.

तुझ्या लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा तुझ्याकडे आलो होतो तो दिवस तू विसरली नसशील. मी मात्र त्या दिवसाचा अर्थ लावून लावून थकलो. तू नदीवर पाण्याला गेली होतीस, जावईबापू लाकडाच्या डेपोत. मी बैल सोडत होतो आणि तुझी माय लुगडं नीट करून, लाडवांचा डबा घेऊन पुढे गेली. विहीणबाई पाय धुवायला पाणी घेऊन दारात आल्या, एवढं मी लांबून पाहिलं. दुसऱ्या क्षणी ही माघारी. "गाडी जुपा." मी म्हटलं, काऊन? तर ती आपणच गाडीत चढून बसली. तू डोक्यावर घागर घेऊन येत होतीस आणि आमची गाडी निघाली होती. त्यानंतर तिनं तुझ्या सासरची वाट बंद केली. पहिलटकरीण लेक माहेरी आणायची, तेसुद्धा नाही. "माझं माहेर मेलं" असं तू लिहिलंस ते बरोबरच लिहिलंस. तुला मुलगा झाल्याचं मला ट्रकवाल्याकडून कळलं. त्याचं नाव काय ठेवलं ते अजून माहीत नाही. भाषेवरून राज्यांच्या वाटण्या झाल्या, आपणही आता मुंबई राज्यात गेलो म्हणतात. आपल्या घराची वाटणी त्याच्या आधीच झाली होती, आणि तीही कशावरून ते मला काल कळलं.

काल दुपारी या वस्तीत गाडी थांबली. आशाबाईची म्हातारी सासू ओसरीवर जाळं विणत होती. तिनं जाळं बाजूला ठेवलं, हात जोडले आणि तुझ्या मायकडे पाहून म्हणाली, "रंडी, रंडी." माझ्या कानशिलात आग उठली. तुझ्या मायनं तर पदरात तोंड लपवलं. लच्छू मात्र आरामात जू उतरवत होता. म्हणाला, "माय, ते तुमाले या म्हणून राह्यली. तेलुगूत लहान्याले रा म्हणते, मोठ्या माणसाले रंडी." तुझ्या मायनं त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग पुन्हा एकदा. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या विहिनीनं मले हेच म्हटलं होतं." नवऱ्यापुढे असला शब्द काढायचा कसा, आणि काढला तर मी काठी घेऊन धावेन, लेकीचा संसार मोडेल, म्हणून ती दोन वर्षं गप्प राहिली. तुझ्याच भल्यासाठी तिनं तुला तोडलं, कमळे. तू आता सासूची ती भाषा बोलत असशील, तुला कदाचित हसू येईल. मला येत नाही. कालपासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही, आज पाणीही ओठावरून ओघळतं. गाडी थोडी हलली तरी शुद्ध जाते. दोन कोस आहेत, आणि मी तिला ते पार करून देऊ शकत नाही.

म्हणून रिकामी गाडी पाठवतो आहे. तू बाळाला घेऊन ये, पण एकटी येऊ नकोस, विहीणबाईंना आण. त्यांना सगळं सांग. हसल्या तर हसू देत, चिडल्या असतील तर मी पाय धरीन. ज्या बाईनं मान देऊन घरात बोलावलं तिच्या दारात पाठ फिरवली, हे तुझ्या मायच्या जिवाला लागलं आहे. मी हे लिहितो आहे आणि शेजारी ती लच्छूकडून तो शब्द घोटून घेते आहे. विहीणबाई पायरीशी आल्या की आपणच त्यांना तसं म्हणायचं, असं तिनं ठरवलं आहे. शब्द ओठांशी येतो, तिला लाज वाटते, रडते, पुन्हा म्हणते. आवाज फार बारीक झाला आहे. पायरीपर्यंत ऐकू जाईल एवढा तरी तो उरला आहे, तोवर या.

तुझाच,
बा